वाचक विचारतात : प्लिमथमधलं विन्सलोंचं घर

मागच्या अंकातल्या लेखात सतराव्या शतकातल्या एका अमेरिकी वसाहतकाराचं घर होतं. १६२० च्या अखेरीस मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी प्लिमथ हे गाव वसवलं. त्यांतला एडवर्ड विन्सलो, त्याची दुसरी बायको सुझॅना आणि त्यांची मुलंमाणसं यांच्याबद्दल तो लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (अमरावती) : पहिली बायको वारल्यावर सात आठवड्यांत एडवर्डने दुसरं लग्न केलं, असं लेखात आहे. वर्षही सरू दिलं नाही! लोकांनी नावं कशी ठेवली नाहीत?

नावं ठेवायला लोक उरले होते कुठे? पहिल्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी गेले. सुझॅनाचा नवरा विल्यम व्हाइट २१ फेब्रुवारी १६२१ ला वारला, एडवर्डची बायको एलिझाबेथ २४ मार्चला. लग्न लागलं १२ मे रोजी. वसाहतीतलं ते पहिलं लग्न. सुझॅनाच्या पदरी तेव्हा पाचेक वर्षांचा रेझॉल्व्ह्ड होता आणि जहाज केप कॉडपाशी नांगरलेलं असताना जन्मलेला पेरेग्रीन हे तान्हं बाळ.

अशा वेळी घर एकट्याने चालत नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. पुरुष लाकूड तोडणार, जमीन खणणार, पहाऱ्याला जाणार. दिवसभर विस्तव राखणं, दोन वेळा भांडं चढवणं, कपडे, आजारी माणसं, लेकरं हे सगळं दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं. जहाजावर आलेल्या १८ विवाहित स्त्रियांपैकी शरदातल्या सुगीपर्यंत फक्त चार जिवंत होत्या. त्या सुगीला वाम्पनोआग या तिथल्या मूळ लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला आणि तीन दिवस राहिला. चार बायका आणि काही मोठ्या मुली, एवढ्यांवर तो स्वयंपाक निभावला. लग्न चर्चमध्ये नव्हे, दंडाधिकाऱ्यासमोर लागलं. ही मंडळी आधी हॉलंडमध्ये राहत होती, तिथली ही रीत त्यांना पटली होती.

प्रश्न (रत्नागिरी) : चित्रांत दाखवतात तशी ओंडक्यांची घरंच ना ती?

नाही. गोल ओंडके एकावर एक रचून बांधलेली घरं अमेरिकेत आणली ती डेलावेअर नदीकाठी १६३८ पासून वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. इंग्रजांनी आपल्या गावी बांधत तसंच बांधलं : ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये कुडाच्या भिंती. कूड म्हटल्यावर कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. काठ्यांचं विणकाम आणि वरून माती-गवताचा गिलावा. छप्पर गवताने शाकारलेलं.

सांगाड्याचं काम मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. झाड तोडल्यावर ओलं असतानाच कुऱ्हाडीने आणि वाकसाने चौरस करायचं, कारण सुकलेला ओक हत्याराला दाद देत नाही. खांबात खाच आणि तुळईच्या टोकाला त्या खाचेत बसणारी जीभ. दोन्हींना आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. खुंटी पूर्ण वाळलेलीच हवी. ओली तुळई पुढे आकसते आणि कोरड्या खुंटीला आवळून धरते. खुंटी ओली असली तर तीच आकसते आणि सांधा डुगडुगतो. जिभेवरचं भोक खाचेच्या भोकाशी अगदी समोरासमोर पाडत नाहीत, किंचित आतल्या बाजूला सरकवतात. खुंटी आत जाताना दोन्ही लाकडं एकमेकांकडे ओढली जातात. सरकवणं जास्त झालं तर जीभ फाटते, आणि मग ती तुळईच बाद. सगळे सांधे जमिनीवर जुळवून बघतात, पटाशीने रोमन आकड्यांच्या खुणा करतात आणि मग एकेक बाजू गावकऱ्यांनी मिळून लांब दांड्यांनी उभी करायची. एका कुटुंबाच्या बळावर हे होत नाही.

फसलं ते कुडाच्या बाबतीत. तिथल्या हिवाळ्यात भिंतीत मुरलेलं पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून बाहेरून ओकच्या पातळ फळ्या एकीवर एक चढवून ठोकू लागले. या फळ्या करवतीने कापलेल्या नसत, पाचर मारून उभ्या चिरलेल्या असत. लाकडाच्या रेषेत चिरलेली फळी कमी वाकते आणि पाणीही कमी पिते.

दुसरी भीती आगीची. १४ जानेवारी १६२१ ला गावातल्या पहिल्याच सामायिक घराच्या गवतावर ठिणगी पडली आणि छप्पर जळालं. ते घर जेमतेम वीस फूट लांब-रुंद होतं आणि आत आजारी माणसं झोपलेली होती. सुरुवातीची धुराडीही लाकडाची, आतून माती लिंपलेली. माती तडकली की लाकूड उघडं पडायचं. प्लिमथने १६२७ मध्ये नव्या घरांना गवती छप्पर घालायला बंदी केली. बॉस्टनने १६३१ मध्ये गवती छपरं आणि लाकडी धुराडी दोन्ही बंद केली.

खिडक्यांना काच नव्हती. मागाहून येणाऱ्यांना एडवर्डने १६२१ च्या पत्रात बजावलं होतं की खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल आणा. तेल पाजलेल्या कागदातून उजेड येतो, वारा येत नाही. बाहेरचं मात्र काही दिसत नाही.

प्रश्न (नाशिक) : थंडीत एका घराला जळण किती लागायचं?

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे प्लिमथ-बॉस्टनच्या भागातल्या, घराला वर्षाला तीस ते चाळीस कॉर्ड. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. पस्तीस कॉर्ड धरले तरी वीस फूट बाय वीस फुटांची खोली जमिनीपासून अकरा फुटांपर्यंत ठासून भरेल. एवढं एका वर्षात, आणि तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाणी गोठायचं, कारण उघड्या चुल्हाणातली बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. लाकूड तोडून, चिरून निदान वर्षभर सुकवावं लागे. ओलं जाळलं तर उष्णतेचा बराच भाग त्यातलं पाणी उकळण्यातच जातो, वर धुराड्यात काजळीचा थर बसतो आणि पुढे तोच पेटतो.

रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे. सकाळी विझलेले निघाले तर एखादं पोर भांडं घेऊन शेजाऱ्याकडे विस्तव आणायला. शेजार लांब असेल तर चकमक. ठिणगी झेलायला तागाच्या चिंध्या बंद डब्यात, हवा न लागू देता काळ्या होईपर्यंत भाजून ठेवत. डब्यात ओल शिरली की सगळी खटपट वाया.

प्रश्न (सावंतवाडी) : आमच्याकडे माडाच्या मुळाशी मासळीचं खत घालतात. मक्याला मासे घालायला इंग्रजांना कुणी शिकवलं?

टिस्क्वान्टमने. हा पाटुक्सेट या वाम्पनोआग गावचा माणूस. प्लिमथ उभं राहिलं ते पाटुक्सेटच्याच जागेवर. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पकडलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला आणि १६१९ मध्ये घरी परतला, तर गाव रिकामं. १६१६ ते १६१९ च्या साथीत त्याची माणसं मेली होती. इंग्रजांना साफ केलेली, मशागतीची जमीन आयती मिळाली ती अशी. मोकळ्या रानात आपण घाम गाळून शेतं केली असं त्यांचे वंशज पुढे सांगत राहिले, त्यात हा भाग गाळलेला असतो.

पद्धत अशी. ओकची पानं उंदराच्या कानाएवढी झाली की पेरणी. जमीन नांगरायची नाही. नांगर आणि बैल नव्हतेच, कुदळीवर शेती. चार ते सहा फुटांवर एकेक खड्डा, त्यात दोन-तीन मासे, वर माती आणि चार-पाच दाणे. रोप वाढेल तशी बुंध्याशी भर लावत जायचं, की प्रत्येक ठिकाणी मातीचा उंचवटा तयार होतो. मका हातभर झाला की त्याच उंचवट्यावर घेवडा टोचायचा. तो ताटावर चढतो आणि त्याच्या मुळांमुळे जमिनीला नत्रही मिळतं. मधल्या जागेत भोपळ्याचे वेल, ते तण दाबतात आणि ओल धरतात.

मासे म्हणजे आपल्या चढणीच्या माशांसारखे. हेरिंगच्या जातीचे हे मासे वसंतात समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला झुंडीने वर येतात, नेमके पेरणीच्या वेळी. हिशेब करून बघा : पाच फुटांचं अंतर धरलं तर एकरात सुमारे १,७४० खड्डे, तीन मासे प्रत्येकी म्हणजे पाच हजारांवर मासे. पहिल्या वर्षी या लोकांनी वीस एकर मका लावला होता. सगळीकडे एवढं खत पडलं असेल तर आकडा लाखावर जातो, आणि हे सगळं टोपल्यांनी वाहायचं. लांडगे आणि कुत्रे मासे उकरून काढत, त्यामुळे मासे कुजेपर्यंत दोन आठवडे रात्री राखण. इप्सविच गावाने १६४४ मध्ये पेरणीच्या दिवसांत कुत्र्यांचा एक पाय बांधून ठेवायचा हुकूमच काढला.

मक्याच्या त्या पहिल्याच वर्षी प्लिमथमध्ये सहा एकरांत इंग्लंडहून आणलेले जव आणि वाटाणे पेरले. वाटाणा उगवला, फुलला आणि फुलातच उन्हाने करपला. पेरायला उशीर झाला, असं एडवर्डने स्वतःच लिहिलं आहे.

मका घरी आला तरी काम संपत नाही. तिथला मका टणक, आणि गिरणी नाही. जाड खोडाचा बुंधा जाळून-कोरून उखळ करायचं. मुसळ वाकलेल्या कोवळ्या झाडाच्या शेंड्याला बांधायचं, म्हणजे खाली मारलं की झाड स्वतःच ते वर उचलतं. हा मका आपल्याकडेही अमेरिकेतूनच आला आहे, मिरची आणि बटाट्यासारखा.

प्रश्न (वर्धा) : आमच्या भागात जवस तेलासाठी आणि चटणीसाठी. त्यापासून कापड खरंच होतं?

होतं, पण तुमच्या शेतातल्या जवसापासून चांगलं नाही होणार. तेलाचं जवस बुटकं आणि फांद्या फुटलेलं. धाग्यासाठी बी इतकं दाट पेरतात की रोपाला फांदी फुटायला जागाच राहू नये, ते सरळ कंबरेएवढं वाढावं.

बुंधा पिवळा पडू लागला की, साधारण तीन महिन्यांत, उपटायचं. कापायचं नाही, कारण धागा मुळापर्यंत जातो. वाळवून दात्यांतून ओढलं की बोंडं सुटतात. मग कुजवणं. अंबाडी कुजवून सुतळी काढतात त्याचंच हे नाजूक भावंड. साचलेल्या पाण्यात आठवडाभर किंवा दवात गवतावर पसरून तीन-चार आठवडे. सगळी कला इथे आहे. कमी कुजलं तर साल काडीला चिकटून राहते आणि पुढे कितीही झोडपा, सुटत नाही. दोन दिवस जास्त राहिलं तर धागाच कुजतो आणि हातात तुटतो. रोज एक काडी वाकवून बघायची. आतली काडी कडकन मोडून धागा अखंड सोललेला निघाला की त्याच दिवशी बाहेर काढायचं. वाळल्यावर लाकडी पात्यांच्या चेपणीत काड्या मोडायच्या, लाकडी सुरीने झोडून भुसा पाडायचा आणि लोखंडी खिळ्यांच्या फणीतून ओढायचं, आधी विरळ फणी, मग दाट. हातात लांब रेशमासारखे झुबके राहतात. फणीत अडकतो तो आखूड गुंता, त्याची पोती आणि दोर. पायाने फिरवायच्या लहान चरख्यावर, बोटं ओली करत सूत काढायचं. कोरड्या बोटांनी काढलेलं सूत पिसारतं. लोकर काततात ते चाक वेगळं, मोठं, उभं राहून फिरवायचं.

विणलेलं कापड करडं असतं. ते राखेच्या पाण्यात उकळून, आठवडेच्या आठवडे गवतावर भिजवत-वाळवत पांढरं करायचं. एवढा खटाटोप पाहता पहिल्या काळात बहुतेक कापड इंग्लंडहूनच यायचं, यात नवल नाही. घरोघर बाई चरख्यावर बसलेली हे चित्र बरंच नंतरचं आहे. १६५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सला कायदा करावा लागला : ज्या घरावर एका पूर्ण कातणारणीचा भार ठरेल त्याने वर्षातले तीस आठवडे, दर आठवड्याला तीन पौंड सूत दिलं पाहिजे, नाहीतर पौंडामागे बारा पेन्स दंड.

प्रश्न (पुणे) : काळे कपडे, उंच टोपी, बकलाचे बूट. खरंच असे राहायचे का?

बकलं आणि सगळ्यांचा काळा वेष ही एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची देणगी. माणूस मेल्यावर त्याच्या घरातल्या वस्तूंची किमतीसह यादी होत असे. त्या याद्यांत तांबडे, निळे, हिरवे, जांभळे कपडे भरपूर आहेत. प्लिमथचा धर्मज्येष्ठ विल्यम ब्रूस्टर याच्याकडेही जांभळा कोट होता. उत्तम काळा रंग महाग, तो सणासुदीचा. याच याद्यांत पुढे कॅलिको हा शब्दही दिसतो. कालिकतवरून नाव पडलेलं ते भारतीय सुती कापड लंडनच्या पेढ्यांतून तिथवर पोचत होतं.

प्रश्न (कोल्हापूर) : आमचा बचत गट साबण करतो. त्यांच्या राखेच्या साबणाची कृती सविस्तर द्याल का?

कृती देतो, पण शेवटची सूचना आधी वाचा : अशा साबणात मोकळी अल्कली किती उरली हे अंदाजाने कळत नाही, विकण्यासाठी हा साबण करू नका.

राख ओक, हिकरी अशा कठीण लाकडाची. पाइनच्या राखेत पोटॅश, म्हणजे साबणाला लागणारा क्षार, कमी. जळणाच्या वजनाच्या शंभरात एक भागही राख धड उरत नाही, पण एवढं लाकूड जळणाऱ्या घरात वसंतापर्यंत पिंपं भरत. तळाला भोकं पाडलेलं लाकडी पिंप उतरत्या दगडावर ठेवायचं. आत आधी काटक्या, मग पेंढा, मग चोपून भरलेली राख. पेंढा नसला तर राख खाली वाहून येते. वरून पावसाचं पाणी थोडं थोडं ओतायचं. विहिरीच्या जड पाण्यातला चुना साबण फाडतो. खालून तपकिरी पाणी ठिबकतं ते लाकडी भांड्यात धरायचं. पुरेसं तेज आहे का, याची परीक्षा अंड्याने : अंडं तरंगून नाण्याएवढा भाग वर दिसला तर ठीक. बुडालं तर पाणी पुन्हा नव्या राखेतून काढा किंवा आटवा, आडवं तरंगलं तर पाणी घाला.

चरबी कत्तलीच्या वेळची आणि वर्षभर साठवलेली. ती बहुधा खवट आणि खारट झालेली असते, म्हणून आधी पाण्यात उकळून गार करायची. वर थर गोठतो, घाण आणि मीठ खाली राहतं. ही पायरी टाळली की साबण फुटतो. प्रमाण सहा बुशेल राखेला, म्हणजे सुमारे २१० लिटर, चोवीस पौंड चरबी, म्हणजे अकरा किलो. त्यातून एक पिंप साबण. उघड्यावर लोखंडी कढईत, लाकडी दांड्याने ढवळत दिवसभर उकळायचं. वर चरबीचा तवंग राहतच असेल तर राखेचं पाणी कमजोर आहे. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको, हे पाणी ते खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो.

हाती येतं ते वडी नव्हे, तपकिरी बुळबुळीत खळ. लाकडाच्या राखेत पोटॅशियम असतं आणि पोटॅशियमचा साबण मऊच राहतो. शेवटी मीठ टाकलं की सोडियम त्याची जागा घेतं आणि घट्ट साबण वर येतो. पण मीठ विकतचं, ते मांसाला लागायचं, साबणावर कोण घालणार? ही खळ कपड्यांची, अंगाला लावायची नाही.

प्रश्न (बुलढाणा) : गहू पिकत असताना ते मक्याची भाकर का खात?

गहू पिकेनासा झाला म्हणून. १६६० च्या दशकात न्यू इंग्लंडमधल्या गव्हावर तांबेऱ्याने घाला घातला. शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की बार्बेरीच्या झुडपाजवळचा गहू आधी मरतो. ही बार्बेरी त्यांनीच कुंपणाला आणि मुरंब्याला म्हणून इंग्लंडहून आणली होती. आपल्या दारुहळदीच्या कुळातली. कनेक्टिकटने १७२६ मध्ये ती उपटण्याचा कायदा केला. तांबेऱ्याची बुरशी आयुष्याचा एक टप्पा या झुडपावर काढते हे शास्त्राने सिद्ध केलं १८६५ मध्ये. शेतकरी बरोबर होते.

मग भाकर राय (गव्हासारखं एक धान्य) आणि मका अर्धीअर्धी. मक्यात चिकटपणा नाही, राय तो थोडाफार देते. एरवी एकाच भांड्यात मका, घेवडा आणि असेल ते मांस, लाकडी ताटलीतून दोघांनी मिळून खायचं. डुक्कर मारायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरात, थंडी पडल्यावर. मांस पूर्ण गार न होता पिंपात भरलं तर हाडाजवळ आंबतं. थर, मीठ, थर, मीठ आणि वर मिठाचं पाणी, पुन्हा अंडं तरंगेल एवढं दाट. वर दगड ठेवायचा, पाण्याबाहेर डोकावलेला तुकडा सगळं पिंप नासवतो.

प्रश्न (सातारा) : आपल्या जुन्या खेड्यासारखं हे घरही स्वयंपूर्ण होतं, असं म्हणता येईल?

नाही, आणि मागच्या लेखातल्या ‘स्वयंपूर्ण’ या शब्दाला आमचा आक्षेप आहे. कुऱ्हाड, कढई, सुई, बंदुकीची दारू, काच, चांगलं मीठ हे सगळं जहाजातून. मॅसॅच्युसेट्समध्ये सॉगसचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला तो १६४६ च्या सुमारास. व्हर्जिनियात लोक घर सोडून जाताना खिळे काढून घेण्यासाठी ते जाळत. शेवटी १६४५ मध्ये तिथे कायदा झाला की घर जाळू नका, त्यात होते तेवढे खिळे सरकार देईल.

प्लिमथचं गाव तर लंडनच्या व्यापाऱ्यांचं कर्जदार होतं. १६२१ मध्ये ओकच्या फळ्या आणि बीव्हरची कातडी भरून फॉर्च्यून जहाज पाठवलं, ते फ्रेंचांनी वाटेत लुटलं. १६२७ मध्ये १,८०० पौंड हप्त्याने द्यायच्या कराराने त्यांनी व्यापाऱ्यांचा हिस्सा विकत घेतला. त्याच वर्षी गुरांची वाटणी झाली. एडवर्डने १६२४ मध्ये तीन कालवडी आणि एक वळू आणला होता, पुढे आणखी आली. १५६ माणसांचे तेरा-तेरा जणांचे बारा गट केले आणि प्रत्येक गटाला गायी-शेळ्यांचा वाटा दिला. म्हणजे एका गायीच्या दुधात तेरा तोंडं.

गावातल्या गावात रोकड जवळजवळ नसे. मका, कातडी, मजुरीचे दिवस, शिंपल्यांचे वाम्पम मणी यांत देवाणघेवाण चाले. मॅसॅच्युसेट्सने १६३७ ते १६६१ पर्यंत वाम्पमला कायदेशीर चलन मानलं. बलुत्यात सुगीला काय द्यायचं हे परंपरेने ठरलेलं. इथे मात्र शेजाऱ्याने अर्धा दिवस बैल दिले तरी ते वहीत मांडलं जाई.

प्रश्न (ठाणे) : घरात नोकर होते का? आणि स्थानिक लोकांशी संबंध पुढे कसे राहिले?

एडवर्ड आणि एलिझाबेथ जहाजावर चढले तेव्हा त्यांच्यासोबत जॉर्ज सोल आणि एलायस स्टोरी हे दोन गडी होते आणि एलन मोर ही त्यांच्या हवाली केलेली लहान मुलगी. पहिल्या हिवाळ्यानंतर तिघांपैकी एकटा जॉर्ज उरला. असे नोकर जहाजाच्या भाड्यापोटी ठरावीक वर्षं, बहुधा चार ते सात, बांधलेले असत. मुदत सरली की मोकळे. कायमची गुलामगिरी वेगळी : व्हर्जिनियात १६१९ मध्ये पहिले वीसेक आफ्रिकी लोक उतरवले गेले, आणि मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्याने युद्धकैदी आणि विकत घेतलेल्यांच्या गुलामीला जागा करून दिली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच घरात सापडतं. १६२३ मध्ये मॅसासॉइट मरायला टेकला होता, तेव्हा एडवर्डने जाऊन त्याची जीभ खरवडून साफ केली, रस्सा पाजला आणि तो वाचला. १६७५-७६ च्या युद्धात प्लिमथचा गव्हर्नर होता एडवर्ड आणि सुझॅनाचा मुलगा जोसाया, आणि समोर होता मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम. तो मारला गेला आणि शेकडो कैदी गुलाम म्हणून समुद्रापार विकले गेले.

प्रश्न (दादर) : १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आसामचा होता ना?

चिनी होता. आसामचा चहा बाजारात आला १८३० च्या दशकाच्या अखेरीस. माल ईस्ट इंडिया कंपनीचा होता, ३४२ पेट्या. चहावरच्या बहिष्काराच्या काळात घराघरांत रासबेरीची वाळलेली पानं उकळून पीत, आणि चव आवडली नाही तरी चहाच म्हणत.